लष्करातली मुलूखगिरी

गेल्या डिसेंबरात मी ग्वाल्हेरला गेलो तो फिरायला म्हणून नव्हे. वाड्याच्या वाटणीचा कागद करायचा होता. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं निघालो आणि धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोचली. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मफलर गुंडाळून, स्कूटर घेऊन स्टेशनाबाहेर उभाच होता. घरी नेण्याआधी त्यानं एका गाडीवर बेडई-जलेबी खायला घातली. "आधी खा, मग बोलू," म्हणाला. आपण ग्वाल्हेरवाले अवघड बोलणं उपाशीपोटी सुरू करत नाही, हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगणार!

आमचा वाडा लष्करात, फालका बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढचा सोपा आणि त्यावरची खोली काकांकडची. मागची पडवी आणि माडी आमची. मधला चौक आणि चौकातली विहीर सगळ्यांची. हे 'सगळ्यांची' कागदावर मात्र कुठेच लिहिलेलं नाही, आणि अडचण तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, मागचा भाग माझ्या नावावर झाला. पुढे एक गिऱ्हाईक आलं. त्याला फक्त मागचाच भाग हवा होता, पण चौकाच्या मधोमध भिंत घालून आणि विहीर आपल्या बाजूला घेऊन. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते डोक्यावर असताना असं गिऱ्हाईक कोण सोडेल? मोजणीचा नकाशा आला तो मी लॅपटॉपवर घेतला, आमचा भाग निळा रंगवला, काकांचा लाल, आणि दादाला पाठवून दिला.

त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. "ये एकदा. आणि अजून निळाच का तू?"

रंग मी काही विचार करून निवडले नव्हते. हात आपोआप तिकडे गेला. ते का, हे सांगायचं तर वीस-बावीस वर्षं मागं जावं लागेल.

२००२ साली काकांनी दुकानाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला. हिशेब शेवटपर्यंत वहीतच राहिले. कॉम्प्युटर पुढच्या सोप्यावरच्या खोलीत गेला आणि आमचा झाला. मी सातवीत, दादा दहावीत. कुणाकडून तरी आलेल्या सीडीत एक गेम होता, 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक', तिसरा भाग. न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग नावाच्या अमेरिकन कंपनीनं तो १९९९ साली काढला होता. जादूगार, ड्रॅगन, भुतांची फौज असला सगळा मामला. पण मुळात गेम जमिनीचा.

सुरुवातीला सगळा नकाशा काळाकुट्ट असतो. आपला एक नायक घोड्यावर बसून निघतो आणि जिथं जाईल तेवढाच उजेड पडतो. वाटेत लाकडाची वखार, दगडाची खाण, गंधक, पारा, स्फटिक, रत्नं आणि सगळ्यांत मोलाची सोन्याची खाण. बहुतेक ठिकाणी राखणीला कुणीतरी बसलेलं. त्याला हरवायचं, खाणीच्या दारात पाऊल टाकायचं, की लगेच तिच्यावर आपल्या रंगाचा झेंडा. मग ती वखार रोज २ लाकडं देते, सोन्याची खाण रोज १००० मोहरा. प्रत्येक पाळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक शहरात नवी फौज भरतीला हजर. शहरात टाऊन हॉल बांधला तर रोज १००० मोहरा, वाढवत वाढवत कॅपिटॉलपर्यंत नेला तर ४०००. पण कॅपिटॉल एका राजाला एकच. किल्ला पूर्ण बांधला तर भरती दुप्पट. हे आकडे मला इंजिनिअरिंगच्या कुठल्याही सूत्रापेक्षा पक्के पाठ आहेत. आईला हे कधी कळलं नाही ते बरंच झालं.

दादा पहिला खेळाडू, म्हणून त्याचा रंग लाल. मी दुसरा, म्हणून निळा. कॉम्प्युटर एक आणि खुर्ची एक, त्यामुळे एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं पडद्याकडे बघायचं नाही असा नियम. दादाची पाळी आली की मी खाली चौकात जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसायचो. तो वरच्या खिडकीतून ओरडायचा, "हो गया, आ जा!" मग तो खाली, मी वर. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दिवसदिवस चालायचं. मध्येच लाईट जायची. तेव्हा ती मुहूर्त बघून जात नसे. नेमकं कुणाच्या लढाईत गेली यावरून खरी भांडणं व्हायची. काकूनं एकदा आम्हा दोघांना ओल्या टॉवेलनं मारल्याचं आठवतंय.

माझी खेळण्याची तऱ्हा अशी की एक दांडगा नायक, सगळी फौज त्याच्याबरोबर, आणि दिसेल त्या खाणीवर झेंडा. दोन आठवड्यांत अर्धा नकाशा निळा. दादा सावकाश. चार खाणी, एक शहर, भिंती बांधून. मग तिसऱ्या आठवड्यात कधीतरी त्याचा एक किरकोळ नायक, दोन-चार भालेकरी बरोबर घेऊन, माझ्या मागच्या बाजूनं शिरायचा. लढायची गरजच नाही. रिकाम्या खाणीच्या दारात नुसतं पाऊल टाकायचं. वखार लाल, दगडाची खाण लाल, आणि मी दूर कुठेतरी ड्रॅगनशी झुंजत असताना माझं राहतं शहरसुद्धा लाल, कारण आत एकही शिपाई नाही. त्या गेममध्ये शेवटचं शहर गेलं की सात दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरं शहर घेतलं तर ठीक, नाहीतर बाद. मी त्या मुदतीत बरेच दिवस काढले आहेत.

तर ते निळं-लाल तिथून आलेलं.

वाटणीचं बोलणं पहिल्या दिवशी निघालंच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. "पोराला किल्ला दाखवायचाय, तूही चल," दादा म्हणाला. त्याचा मुलगा सहावीत आहे आणि घरातल्या त्याच जुन्या गेमवर पोसला जातोय, हे मला स्कूटरवर कळलं. तिघं एका स्कूटरवर. नियमात बसत नाही, पण थंडीत ऊब राहते.

जाताना वाटेतल्या नावांकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. महाडिक की गोठ, चिटणीस की गोठ, फालका बाजार, खासगी बाजार. गोठ म्हणजे आपला 'गोट', छावणी. लष्कर हे नावच मुळी दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली इथं पडला त्यावरून. तळ हलला नाही, त्याचं शहर झालं. ज्या सरदाराचा तंबू जिथं, तिथं त्याचं नाव चिकटलं. दोनशे वर्षांपूर्वी लावलेले झेंडे आहेत ते. झेंडेवाले कुठं गेले कुणास ठाऊक, आज त्या गोठांमध्ये मोबाईलचे कव्हर विकणाऱ्यांपासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळे आहेत, आणि पत्ता सांगताना सगळेच बिनदिक्कत 'महाडिक की गोठ' सांगतात.

गाडी उरवाई दरवाज्यानं थेट वर जाते, पण दादानं स्कूटर मुद्दाम जुन्या ग्वाल्हेरच्या बाजूला, किला गेटपाशी लावली. "चढूनच जायचं. नाहीतर किल्ला काय आहे ते कळत नाही." खाली गुजरी महाल, आणि मग आलमगीर दरवाज्यापासून हाथी पोलपर्यंत एकावर एक दरवाजे. चढ असा की सहावीतलं पोर पुढे आणि आयटीतलं पोट मागे. डोंगर फार उंच नाही, शंभरेक मीटर, पण कडे सरळसोट, आणि माथा जवळपास तीन किलोमीटर लांब. पुतण्यानं खालूनच हिशेब केला, "काका, इथं कॅटापुल्टचा काही उपयोग नाही. उडणारी फौज पाहिजे."

अर्ध्या चढावर चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, लहानसं. पर्यटक बहुतेक सरळ पुढे निघून जातात. आत भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात शून्य आहे. आपल्या देशात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक. सॉफ्टवेअरवाल्याला हे तीर्थक्षेत्रच म्हणायचं. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. ते शून्य काय मोजण्यासाठी आलंय? जमीन. देवळाला बागेसाठी जागा दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. त्या बागेतून देवाला रोज ५० माळा. मी पुतण्याला समजावलं, बघ, ही खाण आणि हे तिचं रोजचं उत्पन्न. त्याला एकदम पटलं. मी मनातल्या मनात गुणाकारही केला, ५०,४९० चौरस हात. ती बाग आता कुठं होती कोण जाणे. देणाऱ्यांनी मोजमाप मात्र असं कोरून ठेवलंय की अकराशे वर्षांनीही त्यावरून कुणी भांडू नये.

माझ्या बॅगेत आमच्या वाड्याचा नकाशा होता. तो मी बाहेर काढला नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं थोडं विरलं होतं. मानमंदिराच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा आणि पिवळी बदकं मला लहानपणी गेममधल्या शहरासारखी वाटायची, आताही वाटली. पुतण्यानं विचारलं, "काका, हा किल्ला आधी कुणाच्या रंगाचा होता?" मग आम्ही दोघांनी मिळून, जमेल तशी, यादी सांगितली.

१२३२ साली इल्तुतमिशनं मोठ्या वेढ्यानंतर घेतला. जौहर कुंड त्या वेळच्या आठवणीचं. पुढे तोमरांचा. मानसिंह तोमरानं हा महाल बांधला आणि लोदींचा वेढा सोसत असतानाच १५१६ साली तो वारला. त्याच्या मुलाच्या हातून किल्ला लोदींकडे गेला, आणि तोच मुलगा विक्रमादित्य दहा वर्षांनी पानिपतावर इब्राहिम लोदीच्याच बाजूनं लढताना पडला. हे ऐकून पुतण्या गोंधळला. हरलेला जिंकणाऱ्याच्या बाजूनं लढतो हे त्याच्या गेममध्ये नाही. मग बाबर, मोगल, आणि अठराव्या शतकात आपण.

"आपण म्हणजे?"

"शिंदे," दादा म्हणाला. "पण मध्येच इंग्रजांनी एकदा चोरून घेतला."

ती गोष्ट दादाची आवडती. ३ ऑगस्ट १७८०, पावसाळी रात्र. मेजर पॉपहॅमची तुकडी शिड्या घेऊन कड्याखाली आली. कॅप्टन ब्रूस निवडक शिपाई घेऊन पुढे. आवाज होऊ नये म्हणून पायांत मऊ गादीचे जोडे घातले होते, असं सांगतात. वर पहारा होता, पण ज्या बाजूनं कुणी चढणार नाही अशी खात्री होती, त्या बाजूनंच ते चढले. सकाळी किल्ला गेलेला. दादा हे सांगत होता तेव्हा माझ्याकडे बघून हसत होता. माझी रिकामी शहरं त्याला आठवत असणार. मी म्हटलं, "महादजींनी तीन वर्षांत परत घेतला की." "घेतला," तो म्हणाला, "कारण ते परत आले."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

यादी पुढे चालूच होती. १८०४ ला पुन्हा इंग्रज, वर्षभरात परत शिंद्यांकडे. १८४३ च्या अखेरीस महाराजपूर आणि पनियारच्या लढाया झाल्या, पाठोपाठ किल्ल्यावर इंग्रजांच्या हाताखालची फौज. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी यांनी ग्वाल्हेर घेतलं, आणि जेमतेम तीन आठवड्यांत सगळं संपलं. राणी कोटा की सरायला लढताना जखमी झाली ती गेलीच, आणि २० जूनला किल्ला ह्यू रोझच्या हातात. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "राणीचं शहर आधीच गेलं होतं ना? म्हणजे तिची सात दिवसांची मुदत चालू होती." मी म्हटलं, सात दिवस नव्हे, झाशी पडल्यापासून दोन-अडीच महिने. पण त्यानं गोष्ट बरोबर पकडली होती.

"मग किल्ला परत कसा आला? लढाई झाली?"

लढाई झालीच नाही. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर जयाजीराव शिंद्यांना दिलं होतं. १८८६ साली ते परत घेतलं आणि बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला दिला. झाशी द्या, किल्ला घ्या. कागदावर.

दादा तटाला टेकून खाली बघत होता. दक्षिणेकडे लष्कर, त्यात जयविलास पॅलेस पांढरा दिसतो, बाकी सगळी छपरं सारखीच. आमचा वाडा काही ओळखता येत नाही. तो म्हणाला, "हे आपल्या गेममध्ये नव्हतं. आठवतंय? शहर नुसतं घेता यायचं. कुणाला देण्याची सोयच नव्हती."

खरंच नव्हती. जिंकायचं किंवा गमवायचं. राजीखुशीनं दुसऱ्याच्या रंगाचं करावं असं बटण त्या गेममध्ये कुठेही नाही. इतकी वर्षं खेळून मला ते कधी खटकलं नव्हतं.

तिथंच मी नकाशा काढला. थंड वाऱ्यात कागद फडफडत होता, पुतण्यानं एक टोक धरलं. दादानं गिऱ्हाईकाची भिंत बघितली, विहीर बघितली, आणि काही बोलला नाही. पुतण्या मात्र बोलला, "काका, निळ्यात आपली फौज कोण ठेवतं? तुम्ही तर पुण्यात असता."

पोरं असं बोलतात, त्यांना काही म्हणायचं नसतं. दादानं त्याला गप्प केलं. पण घरी आल्यावर मी मागच्या भागात गेलो, बारा वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी. माडीच्या छतावर डांबराचा थर नवा होता. मागच्या भिंतीतून दर पावसाळ्यात पिंपळाची रोपं फुटतात. बाबा ती उपटायचे. मी एकदाही उपटली नव्हती, तरी भिंतीत रोपटं नव्हतं, नुसते कापलेले बुंधे, ओळीनं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दरवर्षी शिडी लावून स्वतः चढतात. गडी लावा म्हटलं तर ऐकत नाहीत." पाणीपट्टीच्या पावत्या दाखवायला त्यांना मी सांगितलं नाही, पण त्यांनीच काढल्या. दोन्ही भागांच्या होत्या. दादा यातलं फोनवर कधी एक अक्षर बोलला नव्हता. हिशेब मागितला असता तर मी दिला असता, असं मला वाटतं. पण मागितला नसताना द्यायचं मला सुचलं नव्हतं हेही तितकंच खरं.

कागदावर मागचा भाग माझा होता, अजूनही आहे. पण बारा वर्षं त्या भागात पहारा एकट्या लाल रंगाचा होता, आणि तोही माझ्या झेंड्याखाली.

रात्री जेवणं झाल्यावर बोललो. भांडण नाही झालं, पण गोडीगुलाबीचंही बोलणं नव्हतं. दादा म्हणाला की माझा भाग मी विकला तर तो अडवणार नाही, पण चौकात भिंत आली तर पुढच्या घरात उजेड येणार नाही आणि आईला, म्हणजे काकूला, ते बघवणार नाही. मी म्हटलं, हप्ते मला भरायचेत, काकूला नाही. हे मी बोललो आणि लगेच वाईट वाटलं, कारण काकू आतून ऐकत होती. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी दादानंच विचारलं, माडी त्यानं घेतली तर? पूर्ण किंमत एकदम नाही जमणार. पाच वर्षांत, थोडी थोडी. आणि चौक जसा आहे तसा, दोघांच्या नावावर.

गिऱ्हाईकाच्या आकड्यापेक्षा ते बरंच कमी होतं. मी हो म्हटलं नाही. बायकोशी बोलतो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी रात्री होती. दुपारी पुतण्यानं गेम लावला, तीन खेळाडू, एकच कॉम्प्युटर. यावेळी लाल तो, दादा निळा, मी तिसरा. तिसऱ्या खेळाडूचा रंग मातकट असतो, लहानपणी तो कुणालाच नको असायचा. पुतण्याची पाळी आली तसे आम्ही दोघं खाली चौकात येऊन विहिरीच्या कठड्यावर बसलो. ऊन तिरपं होऊन पुढच्या सोप्यापर्यंत गेलं होतं. गिऱ्हाईकाची भिंत बरोबर आमच्या पायांखालून जाणार होती.

"माडीच्या कागदात चौक कसा लिहायचा, वकिलाला विचारून ठेवतो," दादा म्हणाला.

वरच्या खिडकीतून आवाज आला, "हो गया, आ जाओ!" निळ्याची पाळी होती. दादा जिना चढायला लागला आणि मी तिथंच बसून राहिलो.